पित्ताची गोळी

कंपनीची बस सातचाळीसला जेलरोडच्या कोपऱ्यावर.
आठला आडगाव नाका.
आठलाच माझी गोळी.

तेव्हा दिवसाला दोन होत्या,
सकाळी आठ, रात्री आठ,
मधले बारा तास पट्टीने आखल्यासारखे.
सिव्हिलमधल्या आत्तार मॅडम
उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजायच्या,
बोटाने दोन-दोन सरकवत,
आम्ही पॅकहाऊसला डागी मणी बाजूला काढतो तशा.
"साठांतल्या तीन राहिल्या तर एकवेळ चालेल.
चौथी नको."
घरी कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेशेजारी,
मी बारीक टिंबं देत गेले.
सहा वर्षांत टिंब नसलेल्या जागा अकरा.
त्यातल्या दोन दामोदरच्या दहाव्याच्या.

दामोदर पानेवाडीला टँकर भरायचा.
सकाळची घ्यायचा, न चुकता, चहाआधी.
रात्रीची क्लीनरसमोर खिशातून कशी काढणार?
धुळ्याच्या ढाब्यावर, कधी सेंधव्याच्या घाटात
आठ वाजून जायचे.
"अर्धं तर घेतोय ना," म्हणायचा.
अर्धं औषध म्हणजे आतल्याला रोजची तालीम,
मॅडमनी बजावलं होतं.
आतला शिकत गेला.
हा विसरत गेला.

मी मात्र नाका आला की
पदर तोंडाशी, बाटलीचा घोट.
पित्त आहे, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.
तर एकदा शेजारच्या सीटवरून पुंजाबाई:
"दे गं मलाही एक. रात्रीच्या मिसळीनं छाती पेटलीय."
पसरलेला तळवा,
कात्रीनं घट्टे पडलेली बोटं.
माझ्या मुठीत सकाळची एकुलती एक.
"संपल्या," म्हणाले
आणि तिच्या देखत गिळली.
तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं
ते थेट ओझरपर्यंत.

संध्याकाळी मेडिकलमधून
पित्ताच्या खऱ्याखुऱ्या गोळ्यांची पट्टी घेतली.
पर्सला दोन कप्पे: उजवीकडे तिची, डावीकडे माझी.
असे तीन सीझन.
अदलाबदल होईल या भीतीनं
माझी एकही चुकली नाही.

मग मॅडमनी नवी बाटली पुढे ठेवली.
"आता एकच. रात्री, झोपताना."
मला लगेच हसू आलं नाही.
"एकच, आणि तीच राहिली तर?"
"तर अख्खा दिवस राहिला."
हिशेब तिथंच केला:
तिसांतली एक. दुसरीला जागा नाही.

आता रात्रीचे दहा,
कणकेच्या डब्यामागे बाटली, दाराला कडी.
कुणाला काही सांगायचं नाही,
म्हणून खोटंही बोलायचं नाही.
रिपोर्टात तो सापडत नाही.
आहे, पण सापडत नाही.
मॅडम म्हणाल्या, हेच हवंय.

तरी सकाळी आडगाव नाका येतो
आणि हात आपसूक डाव्या कप्प्यात जातो.
तिथं हल्ली सुट्टे पैसे.
पुंजाबाई बघत असते.
"गेलं का गं तुझं पित्त?"
"गेलं."
"नशीबवान. माझं काही हटत नाही."
उजव्या कप्प्यातली एक फोडून
मी तिच्या तळव्यावर ठेवते,
बाटली पुढे करते.
ती तोंड लावूनच पिते.