थांब, आलेच

बर्स्लेमच्या त्या चिंचोळ्या घरात माझी खोली मधल्या मजल्यावर,
आणि वर माळ्यावर नेव्हिल बोस्टॉक आणि त्याचा मेहुणा
चार वर्षं एक युद्ध रचत होते.
दुसऱ्याच कुणाच्या गेमवर चढवलेला मजला,
जगाला फुकट द्यायचा.
दिवसा नेव्हिल टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर असायचा,
रात्री तोच कारखाना पडद्यावर बांधायचा,
विटा मोजून, गळक्या नळासकट.

बंदुकीचा खटका म्हणजे स्टेपलर.
ग्रेनेडची पिन म्हणजे त्याच्या सायकलची किल्ली.
खडीवरची पावलं मागच्या गल्लीतली, रात्री दोनची;
शेजारच्या मिसेस टनिक्लिफ खिडकी उघडून ओरडल्या,
त्याही राहिल्या आहेत त्यात,
नीट ऐकलं तर, पंधराव्या पावलानंतर.

मग एका रविवारी माझं दार वाजलं.
शत्रूला आवाज हवा होता.
कुठल्या देशाचा शत्रू, मी विचारलं.
काल्पनिक, म्हणाला. फक्त भाषा खरी वाटायला हवी.
हातात माझ्यासाठी चहा, चेहरा इतका निरागस
की राग शोधायला मला जिना उतरून खाली जावं लागलं.

परत वर आले ती अट घेऊनच.
शब्द माझे. अर्थ विचारायचा नाही.

डोक्यावर गादी, गादीत मायक्रोफोन,
आणि मी ओरडले.
ग्रेनेड पडला की: दूध उतू गेलं!
समोर कुणी दिसलं की: बेल वाजतेय, बघ कोण आलंय!
धुरात शिरताना: कुकरच्या शिट्ट्या मोज!
गोळी लागली की: मीठ घालायचं राहिलं...
हे त्याने सात वेळा म्हणायला लावलं.
अजून दुखू दे, म्हणायचा.
सातव्यांदा खरंच दुखलं. कुणाचं स्वयंपाकघर आठवलं
ते इथे सांगत नाही.
आणि बंदूक रिकामी झाली, नवी गोळी भरायची, की:
थांब, आलेच.

त्याने माझा आवाज खाली खाली ओढला,
दाढी येईपर्यंत.
त्याला बिचाऱ्याला काय कळणार.
आवाज बुवाचा झाला,
क्रियापद बाईचंच राहिलं.

नऊ वर्षं झाली. मी आता इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे.
मेहुणा कॉर्नवॉलला, बोटी रंगवतो.
सर्व्हरचं भाडं नेव्हिल अजून भरतो, बायकोला न सांगता.
शुक्रवारी रात्री दहा-अकरा जण येतात,
कधी मीही. खेळायला मी कच्ची.
भट्टीमागे दबून बसते आणि धुरातून
कुणी धिप्पाड गडी मला मारायला येतो, म्हणतो,
कुकरच्या शिट्ट्या मोज.
मी मोजते.

गेल्या शुक्रवारी एक नवा आला, नावाच्या जागी नुसते आकडे.
शत्रूची बंदूक रिकामी, याचा नेम धरलेला,
आणि हा उभाच.
मेला, अर्थात.
परत आला, परत तिथेच उभा, परत मेला.
तिसऱ्यांदा मेल्यावर त्याने लिहिलं,
इंग्रजी अक्षरांत, मोडक्या मराठीत:
हा माणूस आलेच का म्हणतो? आलोच पाहिजे ना?
मग खाली:
लहानपणी मी पण आलेच म्हणायचो. घरात मराठी बोलणारी
फक्त आई. ती हसायची खूप.

हसायची.

मी काहीतरी टाइप केलं, खोडलं.
पुन्हा टाइप केलं.
नेव्हिल मध्येच विचारतो, हे काय चाललंय, कुठली भाषा?
त्याला म्हटलं, काल्पनिक.

मग बाजू बदलली. शत्रू झाले.
गळक्या नळापाशी तो उभा होता, तिथे गेले,
सगळ्या गोळ्या भिंतीत झाडल्या,
आणि बटण दाबलं.

थांब, आलेच.

तो बराच वेळ हलला नाही.
दूर खडीवर कुणी चाललं, मिसेस टनिक्लिफ ओरडल्या.
मग, खेळ आहे शेवटी,
त्याने गोळी घातली.

मीठ घालायचं राहिलं, म्हणाले मी,
दाढीतून.