वर्षभरात झालेलं काम

फॉर्ममधला चौथा रकाना दोन बोटं रुंद.
'वर्षभरात झालेलं काम', आणि खाली बारीक अक्षरात: थोडक्यात.

थोडक्यात लिहायचं तर
तेवीस वेळा देवगड-कोल्हापूर गाडी पकडली,
त्यातल्या चार वेळा सर भेटले नाहीत.
शीर्षक तीनदा बदललं.
पहिल्यात 'समस्या' होती, दुसऱ्यात 'कारणमीमांसा',
तिसऱ्याला 'एक चिकित्सक अभ्यास' जोडल्यावर
सर म्हणाले, आता बसतंय.
काय बसतंय, ते मी विचारलं नाही.

मी मूळची जतकडची.
आमच्याकडे पाणी टँकरने येतं
आणि आलेलं पाणी परत जात नाही.
बदलीने या खाडीवर आणून सोडलं, त्याला चौदा वर्षं झाली;
अजून मी बांगडा खाताना
पोषण आहाराच्या रांगेतली पोरं
एकमेकांना कोपर मारतात.

विषय: मच्छीमार वस्तीतल्या मुलांची अनियमित उपस्थिती.
गृहीतकं चार.
पहिलं, पालकांची उदासीनता.
ते टाइप करताना
मला जराही लाज वाटली नव्हती.
हेही नोंदवून ठेवते.

मे महिन्यात अकरा वर्षांची हजेरीपत्रकं काढली.
दोन वाळवीने वाचून संपवली होती.
उरलेली नऊ रात्री-रात्री संगणकात भरली,
पंख्याने पानं उडू नयेत म्हणून
चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवून.
लाल 'गै' महिन्यात दोनदा दाटून यायचे
आणि विरायचे,
पण तारखा सरकत राहायच्या.
मी आठवडी बाजार लावून पाहिला, रेशन लावून पाहिलं,
जत्रा, लग्नं, तापाची साथ.
सरासरी काढली. प्रमाण विचलन काढलं.
काही केल्या जुळेना.

यतिका खवळे, इयत्ता चौथी,
पंपाची चावी मागायला आली.
माझ्या खांद्यावरून तिने पडद्याकडे पाहिलं,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
"बाई, हे मोठे सुकतेचे दिस मां?
अवस झाली, पुनव झाली,
काय दोन-तीन दिस दर्या लांब जाता.
सकाळी आमी कालवां काढूक जातंव.
मगे फोडीत बसाचा.
आये बाजारात जाता."
आणि चावी घेऊन गेली.

खडकाला धरून बसलेलं कालव
कोयतीच्या टोकाने कुठून उचकायचं,
धाकट्या भावाला कुठल्या कातळावर उभं करायचं,
पाणी मागे वळायला अजून किती वेळ आहे,
एवढं सगळं येणाऱ्या मुलीच्या नावापुढे
त्या त्या दिवशी 'गै' आहे.
अक्षर माझं आहे.

सरांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला.
"चांगलं आहे. याला संदर्भ काय?"
मी म्हटलं, यतिका.
ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.
म्हणाले, नाव घालता येणार नाही,
उत्तरदाती क्रमांक सतरा, असं लिहा.
नियम बरोबरच आहे.
परतीच्या गाडीत गगनबावड्यापर्यंत
मी तो आकडा बोटांवर मोजत होते.

मागच्या पुनवेनंतर
पहाटे त्यांच्याबरोबर गेले.
तासाभरात सतरा कालवं मिळाली, त्यातली सहा मोडकी;
डाव्या टाचेला कालवाच्याच कडेने चीर पडली.
पाणी फिरल्याचं मला समजलं नाही.
मागून हाक आली, "बाई, परता फिरा!"
वर्गात मी कधी
इतक्या काळजीने कुणाला ओरडले असेन,
आठवत नाही.

साडेदहाला हजेरी घेतली.
कागदावर दोनच खुणा चालतात.
पेन हातात धरून थोडी थांबले,
मग इतरांची नावं आधी घेतली.

पहिलं गृहीतक खोडलंय.
बाकीची तीन आहेत अजून,
त्यांच्याकडे बघायचं धाडस व्हायचंय.
चौथा रकाना कोरा.
अहवालाची शेवटची तारीख शुक्रवार.
भिंतीवर पाहिलं.
तृतीया.