बटन बंद केल्यावर

खाली लेथ, वर मी.
शिवाजी उद्यमनगरात, लोखंडी जिन्याच्या चौदा पायऱ्यांवर माझी खोली.
टेबलावर चहा ठेवला
की खालच्या मोटारीच्या तालावर कपात वर्तुळं उठतात.

मी ज्या यंत्राची दुरुस्ती करते
ते कुठंच नाही.
यंत्राच्या पोटात यंत्र, त्याच्यात नेटवर्कचं एक कार्ड,
ज्याला ना पत्रा, ना डाख,
नुसता कार्ड असल्याचा आव;
आणि त्या आवाशी इमानानं बोलणारा ड्रायव्हर,
साडेतीन हजार ओळींचा, बराचसा दुसऱ्यांनी लिहिलेला.
बाहेरच्याला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा.
हे शब्द धंद्यातलेच, माझ्या पदरचे नाहीत.

पाहुणा कोसळतो.
रोज नाही. कार्ड काढून घेताना,
आणि तेही नऊ हजारांत एकदा.
काय चाललंय ते बघायला एक ओळ छापायला लावली
की शहाण्यासारखा उभा.
ओळ काढली की पहाटे साडेतीनला आडवा.

सन्मती चौगुले जयसिंगपुरातून फोन करतो,
"पडला का?"
मी म्हणते, अजून नाही,
आणि आम्ही दोघंही हिरमुसतो.

अकराव्या दिवशी दिसलं.
यजमान ताट उचलतो,
जागा पुसतो, तिथं दुसऱ्याला बसवतो.
आणि ताट होतं तेव्हाच पळी भरून निघालेला वाढपी
खाली न बघता आमटी ओततो
नव्या माणसाच्या मांडीवर.
वाढप्याचं काही चुकलं नाही.
ताट उचलणाऱ्याचंही नाही.
दोघांना वेगवेगळं विचारा, दोघंही खरंच सांगतील.

पण मी तर वाढायचं थांबवा म्हणून सांगितलं होतं!
ती ओळ होती. ताट उचलायच्या आधी होती.
माझ्याच हातची, मागच्या दिवाळीतली.
तिच्याकडे बघत मी जिना उतरले.

दस्तगीर मेस्त्री चकला तेल देत होते.
त्यांच्या उजव्या तर्जनीला वरचं पेर नाही.
इतकी वर्षं मी ते बघितलं होतं,
विचारलं नव्हतं.
"चालू मशीनमधी हात घातला व्हय?"
"छ्या. बंद केलती की."
फडक्याला हात पुसत म्हणाले,
"बटन बंद केलं म्हंजे मशीन थांबलं, असं नसतंय पोरी.
त्याच्या अंगात जे फिरणं हाय
ते फिरून संपवतंय ते.
आपण बटनाकडं बघतो, चकाकडं बघत न्हाई."

मी उभी राहिले.
त्यांनी लेथ बंद करून दाखवला.
चक फिरत राहिला, आवाज उतरत गेला,
जबडे आधी नुसती चकाकी होते, मग तीन झाले,
मग एकेक वेगळा.
मी मनात मोजत होते. नऊपर्यंत आले.

वर येऊन एकच ओळ घातली.
सांगून झाल्यावर, ताट उचलायच्या आधी:
जो निघालाय तो पोचून परत येईपर्यंत
थांब.
बाकी साडेतीन हजारांना हात लावला नाही.

रात्रभर चालवलं. अठ्ठावीस हजार वेळा. पडला नाही.
न पडणं हा पुरावा नव्हे, हे मला कळतं;
नऊ हजारांत एकदा पडणारा
लाखात एकदा पडायला शिकला असेल.
म्हणून सकाळी कागद घेऊन बसले,
कोण कोणाच्या आधी, कोण कोणाच्या नंतर,
सगळे बाण काढले,
आणि एकही उलटा बाण कुठून शिरेना
तेव्हा सन्मतीला कळवलं.
तो म्हणाला, "एवढंच?"

एवढंच.
बदलासोबत कारण लिहायचं असतं, दोन वाक्यांत.
मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
पेराबद्दल लिहायला तिथं जागा नसते.

आज सोमवार, उद्यमनगर बंद.
चहात एकही वर्तुळ नाही.
तरी कप उचलण्याआधी
मी थोडी थांबते.