बिननाडीचे बूट

हाचिनोहेच्या बंदरात पहाटे
माकुळं निवडणाऱ्या बायका
हताकेयामाबाई दिसली की पाठ फिरवत.
मरणाची गोष्ट काढते म्हणून.

मग तिने मरणाची गोष्ट काढलीच नाही.
लिंबाच्या गोळ्या वाटल्या, नव्या वर्षाची कॅलेंडरं.
कुणाच्या पोराची दाढ, कुणाच्या सासूचा गुडघा
वहीत टिपून ठेवला
आणि पुढच्या मंगळवारी आठवणीने विचारलं.

पहिली पॉलिसी अकराव्या महिन्यात.
तीही कीव आली म्हणून घेतली,
असं ओनोदेरा चारचौघांत सांगायचा.

त्याची बोट परतली नाही त्या मार्चमध्ये
ती चेक घेऊन गेली.
दारात बूट काढायला वाकली तर
हात थरथरत होते, नाडीची गाठ सुटेना.
ओनोदेराच्या बायकोनेच खाली बसून सोडवली.

पुढे गटप्रमुख. मग बऱ्याच वर्षांनी शाखाप्रमुख.
भिंतीवर तक्ता, नावांपुढे कागदी फुलं,
सकाळच्या सभेला बेचाळीस जणी ताठ उभ्या.
टोकियोहून आलेल्या साहेबाने विचारलं,
यशाचं गमक?
म्हणाली, बिननाडीचे बूट.
सगळे हसले. साहेबाने लिहूनही घेतलं.

परवा निरोप झाला. हार नाही, भाषण नाही,
तिनेच नको म्हटलं होतं.
वही कुणाला द्यायची ते अजून ठरत नाही.
आज मंगळवार.

ओनोदेराची बायको आता माणसं विसरते.
दार किलकिलं करून
आधी हिच्या पायांकडे बघते,
आणि नाडी दिसत नाही म्हणून
जराशी हिरमुसते.