डबी क्रमांक सोळा

चोडणच्या खाजणात पहिल्यांदा नळी ठोकली
तेव्हा इनासच्या शेतात कोरगूट उभं होतं,
आणि मानशीच्या दारातून भरती
विचारून आत येत होती.

एक मीटर चिखल. पाच तुकडे, पाच डब्या.
नंबर पेन्सिलीनं; शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही.
साडेपाचशे अंशांवर माती रात्रभर जळायची.
सकाळी वजन जेवढं कमी, तेवढा तिच्यात जीव होता,
असं मी पोरांना सांगायचे.
परीक्षेत मात्र कार्बनच लिहा.

इनास चिमूटभर चिखल नाकाशी न्यायचा.
"हांगा मिठाक वाट मेळ्ळ्या, बाय,"
म्हणाला एका मे महिन्यात.
माझ्या यंत्राला ते कळायला दोन वर्षं लागली,
बांध फुटायला तीन.

मग शेतात कांदळ आले.
दर हिवाळ्यात नळी अधिक काळी निघाली,
आलेख चढत गेला.
लिस्बनला तो पडद्यावर दाखवला, टाळ्या पडल्या.
परत आले तेव्हा फेरीबोटीत इनास भेटला,
पायांशी रेशनच्या तांदळाची पिशवी.
कसा झाला गो प्रवास, त्यानं विचारलं.

उद्या खोली रिकामी करून द्यायची आहे.
एकतीस वर्षांच्या डब्या.
सोळा नंबरची उघडते: पहिलं वर्ष, वरचा थर,
आणि मातीत भाताचं एक तूस,
अजून पिवळं,
जाळायचं राहून गेलेलं.

तराजू शून्यावर थांबलाय.
मी दार लावते, पंखा बंद करते,
ते उडू नये म्हणून.