शेवटचं पान

शुक्रवारी सातच्या फेरीबोटीतून
तिचं वर्तमानपत्र उतरायचं,
सुतळीनं बांधलेले सहाशे अंक, आठ पानं,
शाई अजून बोटांना लागणारी.
माझ्या दुकानात, पिठाच्या पोत्यांशेजारी
त्यांची जागा ठरलेली.

सांत्यागोला आमच्या बेटाचं नाव ठाऊक नाही.
आम्हालाही सांत्यागोच्या बातम्या नको असत.
लोक घ्यायचे ते शेवटच्या पानासाठी:
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि खाली चौकटीत
या आठवड्यात कुठल्या खडकावरचे शिंपले खावेत,
कुठल्या नाहीत.
लाल भरतीचं विष दिसत नाही,
त्याला वास नाही, चव नाही.

अठरा वर्षांत ती चौकट एकदा चुकली.
म्हाताऱ्या चिगुआयला तीन दिवस ओठ जाणवेनात.
पुढच्या शुक्रवारी रोसाउरा नावेलकिननं
पहिल्या पानावर, मथळ्याच्या टायपात छापलं,
"आम्ही चुकलो. उत्तरेचा खडक नव्हे, दक्षिणेचा."
आणि त्याच्या घरी जाऊन बसली,
चिखलाचे बूट दाराबाहेर काढून.

मग त्या मार्चमध्ये पहिल्या पानावर आली
सामन माशांची कंपनी.
नव्वद टन मेलेले मासे, रात्री, दिवे मालवून
खाडीच्या तोंडाशी ओतलेले.
तारखा. बोटींची नावं. वजनाच्या पावत्या.
मीठमसाला नाही.
तिसऱ्या परिच्छेदात हेही, की
शाळेचं छप्पर कंपनीनंच घातलं,
एकशे चाळीस घरांच्या चुली तिच्यावर पेटतात.
मला वाटलं, निदान शिव्या तरी द्यायच्या होत्यास, बाई.
शिव्यांशी भांडता येतं.
पावतीशी काय भांडणार?

त्या एकशे चाळिसांत आमचा एलादिओ,
पिंजऱ्यांखाली उतरणारा पाणबुड्या.
बायको म्हणाली, खाल्ल्या मिठाला जागा.
मी सहाशे अंक पोत्यांमागे लोटले.
विचारेल त्याला सांगितलं,
आज बोटीतून आलेच नाहीत.

नऊला नेल्दा बार्रिया आली, बादली घेऊन.
मागे नातू, बादलीवर चमचा वाजवत.
"ओहोटी किती वाजता? आणि शिंपले?"
चालतील, म्हणणार होतो.
शब्द टाळूला चिकटला.
आत गेलो, एका अंकाच्या घडीवर कात्री चालवली,
शेवटचं पान सुटं करून तिच्या हाती दिलं.

तिनं वेळ पाहिली नाही. चौकट पाहिली नाही.
कडेची कापलेली रेघ अंगठ्यानं चाचपली.
"पुढचं कुठंय?"
मी गप्प.
"ज्यानं पुढचं कापलं
त्यानं मागचं बदललं नसेल कशावरून?"
पान गल्ल्यावर ठेवून
ती रिकामी बादली घेऊन निघाली.

मग काढले अंक. दहा वाजले होते.

कंपनीनं जाहिराती थांबवल्या.
हिवाळ्याआधी पिंजरे दक्षिणेला गेले.
एलादिओ आता उत्तरेत, तांब्याच्या खाणीत.
रविवारी फोन करतो. हवा विचारतो, आईचे गुडघे विचारतो,
वर्तमानपत्राचं नाव काढत नाही.
खाडी सुधारली का? शिंपलेवाले म्हणतात, थोडी.
थोडी म्हणजे किती, ते रोसाउरा दर महिन्याला मोजून छापते,
सुधारली तेव्हा तसं, बिघडली तेव्हा तसं.
अंक आता चार पानांचा, पंधरवड्यानं, दोनशे साठ प्रती.
टिकेल का म्हणून मला विचारू नका,
मी पीठ विकतो.

एक सांगायचं राहिलं.
त्या पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या पानावर
दोन ओळी होत्या:
"मागील अंक धक्क्यावरच्या दुकानात तीन तास उशिरा मिळाला.
कारण: दुकानदार अमादोर कार्कामो यांनी तो लपवला होता."
नाव, आडनाव. विशेषण एकही नाही.
बायको म्हणाली, हे तरी लपवा.
मी सुतळी सोडली,
सहाशे मोजले,
आणि दारातच मांडले.