हातचं राखून

दर सोमवारी, संग्रहालय बंद असतं तेव्हा,
मी दोन हात तराजूत ठेवते.
साबणाचे. मनगटापासून पुढचे.
डाव्याची करंगळी आता नाही,
उजव्याची नखं झिजून नितळ.
मागच्या सोमवारी दोनशे बारा ग्रॅम.

पोर्तु शहरात, दोरू नदीच्या चढावर
एक सार्वजनिक धुणीघर होतं. तिथे
इदालीना क्वारेश्माची आई
दुसऱ्यांच्या चादरी आपटायची.
तिच्या हातांचा साचा घेतला लेकीने,
ऑलिव्ह तेलाच्या साबणात ओतले वीस जोड,
शेजारी नळ, दगडी कुंडी,
आणि करारावर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी,
ठसठशीत सहीवर एक अट:
येणाऱ्या प्रत्येकाने या हातांनी हात धुवावेत.
संपतील तेव्हा काम पूर्ण झालं समजावं.

लोकांनी धुतले.
शाळेच्या सहलींनी धुतले, फेस उडवत.
एक खाटीक जेवणाच्या सुट्टीत रोज यायचा.
अमांदियु पहारेकरी सांगतो,
चित्रं बघायला तो कधी आत गेला नाही.
एकोणीस जोड असे नदीला मिळाले.

मग किंमत वाढली.
विमा कंपनी हात धुवून मागे लागली.
विसाव्या जोडावर काच आली,
नळाची मान आवळली गेली,
पन्नास टक्के आर्द्रता, अठरा अंश,
आणि मी:
हातचं राखून ठेवायचा
पगार घेणारी बाई.

मी भांडले. खोटं कशाला बोलू.
बैठकीत म्हटलं, तिला संपवायचं होतं,
आपण मसाला भरून ठेवतोय.
संचालकांनी चष्मा पुसला, पुढचा विषय घेतला.

आणि गेल्या गुरुवारी ती आली स्वतः.
चौऱ्याहत्तर वर्षं, काठी, ओला रेनकोट.
मी करार काढूनच ठेवला होता,
तिच्या बाजूने साक्ष द्यायला तिचीच सही.
तिने तो वाचला
परक्या घरात चुकून आलेलं पत्र वाचावं तसा.
"ही पोरगी," म्हणाली, "हिची आई जिवंत होती.
घरी गेलं की हात होतेच,
कांदा चिरणारे, कानशिलात देणारे.
हिला काय जातंय उधळायला?"
मग काचेकडे न बघता:
"आता कुणाला हात लावू देऊ नका."

आता कुणाचं ऐकू?
एकतिशीतलीची शाई पक्की,
चौऱ्याहत्तरीतलीचा आवाज कापतो.
नाव एकच, आई एकच,
आणि कागदोपत्री
जिवंत आहे ती पहिलीच.

जाताना म्हणाली, पाच मिनिटं एकटी सोडा.
नियमात बसत नाही.
मी काच उचलली, अमांदियुला कॉफीला पाठवलं,
आणि जिन्यात उभी राहिले
आग विझवायच्या सिलिंडरवरची
तारीख पुन्हा पुन्हा वाचत.
भिंतीतल्या जुन्या पाइपाने
एकदा घसा खाकरला.

निरोप घेताना तिचा हात माझ्या हातातून
मासोळीसारखा निसटला.
दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

आज तराजू म्हणतो, दोनशे नऊ.
तक्त्यात एक रकाना असतो: घट झाल्यास कारण.
मी लिहिते, बाष्पीभवन.
आणि काच पुसून घेते,
आतल्या बाजूने.